घोडनदीकाठचं एक गाव: नऊशे वर्षं टिकलं कसं आणि उठलं का

प्रकरण कुठलं

प्राचीन संस्कृती नद्यांच्या काठी का वाढल्या, याचं उत्तर आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे. प्यायला पाणी, सुपीक गाळ, वाहतूक, मासे. चार मुद्दे, चार मार्क. उत्तर चुकीचं नाहीये पण त्याने फारसं काही कळत नाही, कारण नद्या तर कोकणातही आहेत आणि पाऊसही धो धो पडतो, मग पहिली शेतकरी गावं तिथे का नाही दिसत? आणि नदीकाठ एवढा सोन्यासारखा होता तर माणसं तिथून उठून का गेली? नाईल आणि सिंधूबद्दल सगळेच लिहितात म्हणून मी मुद्दाम आपल्या घरचं प्रकरण घेतोय, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातलं इनामगाव, घोडनदीच्या उजव्या काठावरचं.

हे गाव घ्यायचं कारण सोपं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व अभ्यासकांनी, म्हणजे सांकलिया, अन्सारी, ढवळीकर आणि त्यांच्या टीमने, १९६८ ते १९८३ एवढी वर्षं इथे खोदकाम केलं, आणि तेही एकाच ठिकाणी खोल खड्डा मारून नाही तर आडवं, पसरट. त्यामुळे १३० च्या वर घरं उघडी झाली आणि अडीचशेहून जास्त दफनं सापडली. भारतातल्या ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरायच्या काळातल्या, खेड्याची इतकी माहिती फार थोड्या ठिकाणी मिळते. वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते इ.स.पू. ७००, म्हणजे नऊशे वर्षं, आणि अभ्यासक तिचे तीन टप्पे करतात: माळवा (१६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). जोर्वे हे नाव संगमनेरजवळच्या प्रवराकाठच्या गावाचं, तिथे ही भांडी पहिल्यांदा ओळखली गेली म्हणून.

प्रकरण अभ्यासात (केस स्टडीत) माणसांची नावं बदलायची पद्धत असते. इथे तो प्रश्नच नाही, या लोकांनी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. मी त्यांना घरावरून आणि कामावरून ओळखणार आहे, कुंभार, पाच खोल्यांच्या घरातला माणूस वगैरे.

पार्श्वभूमी

आधी पाऊस समजून घ्या नाहीतर पुढचं काही लागणार नाही. शिरूरचा पट्टा पर्जन्यछायेतला. वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी, एखाद्या वर्षी बरा आणि पुढची दोन वर्षं कोरडी. पण घोडनदी उगम पावते ती सह्याद्रीत, आंबेगावच्या बाजूला, भीमाशंकरच्या डोंगररांगेत, आणि तिथे दोन-तीन हजार मिलीमीटर सहज पडतो. म्हणजे इनामगावच्या माणसाच्या डोक्यावर ढग नसले तरी त्याच्या समोरून पाणी वाहतंय, नव्वद-शंभर किलोमीटरवर पडलेलं पाणी, त्याने कधी न पाहिलेल्या पावसाचं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा हाच आहे. नदीकाठ म्हणजे नुसतं पाणी नाही, दुसऱ्याच्या मुलखातला पाऊस आपल्या दारात. नाईलचंही हेच, इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच आणि पूर येतो तो इथिओपियाच्या डोंगरातल्या पावसाचा. दक्षिण इराकमध्ये वर्षाला २०० मिलीमीटरसुद्धा पडत नाही, पाणी येतं तुर्कस्तानच्या डोंगरातल्या बर्फाचं. सिंधूचं पाणी हिमालयातलं. म्हणजे पहिल्या मोठ्या वस्त्या भरपूर पावसाच्या जागी नाही झाल्या, कोरड्या मुलखातून मोठी नदी जाते तिथे झाल्या. भरपूर पावसात जंगल असतं, आणि दगडाच्या कुऱ्हाडीने जंगल तोडून शेत करायचं, ते दर पावसाळ्यात परत वाढणार, त्यात तण, त्यात सडणारं धान्य, एवढा उपद्व्याप कोण करेल. कोरड्या मुलखात झाडी विरळ, धान्य साठवलं तर टिकतं, फक्त पाण्याचा प्रश्न, आणि तो नदी सोडवते. जोर्वे संस्कृतीची गावं महाराष्ट्रात इतक्या ठिकाणी सापडली, तापीकाठी प्रकाशे, प्रवरेवर नेवासे आणि दायमाबाद, घोडनदीवरच चांडोली, पण कोकण किनाऱ्यावर नाहीत, ते उगीच नाही.

दुसरी गोष्ट जमीन. आपल्याकडे काळी जमीन म्हटली की कसदार असं डोक्यात असतं, आणि ती आहेच, पण ज्याने ती नांगरलीय त्याला विचारा. ओली असताना पायाला मणभर चिकटते, वाळली की हातभर भेगा, मधे वाफसा येतो, म्हणजे जमीन ना फार ओली ना फार कोरडी, तेवढेच दिवस काम करायचं. लोखंडाच्या फाळाशिवाय ही जमीन मोठ्या प्रमाणावर कसणं अवघड. इनामगावच्या लोकांकडे लोखंड नव्हतं. तांबं होतं पण थोडं, जपून वापरायचं. रोजचं काम गारगोटीच्या पात्यांवर चालायचं, अशी पाती खोदकामात ढिगाने निघालीत. अशा हत्यारांना झेपेल ती जमीन म्हणजे काठावरची गाळाची, मऊ, भुसभुशीत पट्टी. पट्टी अरुंद असते, पण पहिल्या घरांना पुरेशी.

तर माळवा काळातल्या पहिल्या कुटुंबांनी इथे मुक्काम टाकला तेव्हा त्यांचा निर्णय नीट हिशोबाचा होता. मऊ जमीन, दारात पाणी, उन्हाळ्यात नदी आटली तरी डोहात शिल्लक, वाळूत झिरा खणला की प्यायला मिळतं, मासे मिळतात, पलीकडच्या माळावर गुरं आणि शेळ्यामेंढ्या चरायला जागा, हरणंही तिथेच. घरं चौकोनी, कुडाच्या भिंती मातीने लिंपलेल्या. पिकं जव, मसूर, कुळीथ, वाल, लाख (लाखेची डाळ), वाटाणा. जव हे मुख्य. बहुतेक सगळं रब्बीचं, पावसाळा संपल्यावर जमिनीतल्या ओलीवर पेरायचं.

अडचण

इथे घोडनदी नाईलसारखी वागत नाही हे लक्षात घ्यायला पाहिजे, आणि शाळेतलं उत्तर इथेच लंगडं पडतं.

नाईलला पूर यायचा उन्हाळ्याच्या शेवटाला, पाणी शेतांवर पसरायचं, गाळ टाकून ऑक्टोबरच्या सुमाराला उतरायचं, आणि त्या ओल्या गाळात गहू-जव पेरायचे. शेतकऱ्याला कमी कष्टात पाणीही मिळालं आणि खतही. युफ्रेटिस-टायग्रिसचा पूर यायचा एप्रिल-मेमध्ये, पीक काढणीला आलेलं असताना, म्हणजे अगदी चुकीच्या वेळी, म्हणून तिथल्या लोकांना कालवे आणि बांध घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आमच्या घोडनदीची वेळ तर बरोबर आहे, पूर पावसाळ्यात, पेरणी त्यानंतर. पण दख्खनच्या नद्या खडकाळ पठारावरून वाहतात, पात्र खोल कापलेलं, काठ उंच. पूर आला तरी पाणी पात्रातच चढतं आणि उतरतं, शेतांवर मैलोन् मैल पसरून गाळ टाकत नाही. जुना गाळ आहे, नवा दरवर्षी येत नाही. आणि दिवाळी झाली की प्रवाह असा झपाट्याने उतरतो की पीक तहानेला आलेलं असताना पाणी खाली आणि शेत वर.

म्हणजे अडचण अशी, पाणी डोळ्यांसमोर आहे पण पिकाला मिळत नाही.

जव आणि कुळथाला हे चालून जातं, ती काटक पिकं. गव्हाला नाही चालत. गव्हाला पाण्याच्या पाळ्या द्याव्या लागतात, एकदोन नाही जास्त, आणि शिरूरच्या जमिनीत नुसत्या ओलीवर गहू काढणं म्हणजे जुगार. त्यात दोनशे वर्षांत गाव वाढलेलं. माणसं जास्त, काठाची पट्टी तेवढीच, काळ्या जमिनीत शिरता येत नाही. तेव्हा तेवढ्याच पट्टीतून जास्त काढायचं कसं, हा प्रश्न पूर्व जोर्वे काळातल्या गावापुढे उभा राहिला.

पर्याय काय होते

कुठल्या बैठकीचं इतिवृत्त अर्थातच नाही, त्यांच्याकडे काय मार्ग मोकळे होते ते जमिनीवरून आणि अवजारांवरून मी मांडतोय.

पहिला मार्ग, आहे तसंच चालू ठेवायचं, जव आणि कडधान्यं, आणि वाढलेल्या माणसांतली काही घरं उठून नदीच्या वर-खाली दुसरी पांढरी, म्हणजे वस्ती, बसवतील. हे झालेलंच आहे, भीमा-घोडच्या खोऱ्यात जोर्वेची बरीच छोटी गावं आहेत. कमी जोखीम, पण काठावरच्या चांगल्या जागा मोजक्याच असतात.

दुसरा, गुरं वाढवायची, शेती कमी. माळ मोठा आहे. पण मेंढरांवर जगणाऱ्याला मोठ्या गावात राहता येत नाही, त्याला हिंडावं लागतं, आणि दोनशे वर्षं ज्या गावात राहिलोय, पोरं जिथे घराच्या जमिनीखाली पुरलीत, ते सोडून हिंडायचं हा सोपा निर्णय नाही. ही पुरण्याची गोष्ट अक्षरशः आहे बरं का, लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्याच भुईखाली आडवी पुरायचे. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोकं करून, आणि बऱ्याच जणांचे पाय घोट्याखाली तोडलेले. का, तर मेलेल्याने चालत निघून जाऊ नये म्हणून असेल असा एक तर्क आहे. तो खरा धरला तर या लोकांचं घराशी आणि गावाशी नातं किती घट्ट होतं ते कळतं.

तिसरा मार्ग हाताने पाणी उपसून शेताला द्यायचं. थोड्या वाफ्यांना ठीक, गावाच्या गव्हाला नाही.

चौथा मार्ग खर्चिक होता, नदीचं पुराचं पाणी वळवायचं. पाट खणायचा, बाजूने बांध घालायचा.

काय केलं

त्यांनी पाट खणला. खोदकामात तो मिळाला, सुमारे दोनशे मीटर लांब, चार मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल, आणि सोबत दगडगोट्यांचा मातीत बसवलेला भक्कम बांध. पुराचं पाणी वस्तीत घुसू नये हा बांधाचा एक उपयोग आणि पाणी वळवणं हा दुसरा, असं मानलं जातं. साडेतीन मीटर खोली बघता मला तर वाटतं की नुसतं पाणी वाहून नेण्यापेक्षा पूर ओसरल्यावरही काही पाणी धरून ठेवायचा विचार असणार, कारण नुसत्या वाहत्या पाटाला एवढं खोल कोणी खणत नाही, पण हा माझा अंदाज.

कामाचा अंदाज घ्या. सरळ गुणाकार केला तर २,८०० घनमीटर माती. लोखंडाचं फावडं नाही, कुदळ नाही, लाकडी टोकदार दांडके आणि टोपल्या. दिवसाला एका माणसाने एक घनमीटर खणून वर आणून टाकली असं धरलं, आणि साडेतीन मीटर खोलीवरून वर आणायची म्हणजे हे मी उदार होऊनच धरतोय, तर पन्नास माणसं लावली तरी छप्पन्न दिवस. हे काम होणार उन्हाळ्यात, नदी उतरलेली आणि शेतं मोकळी असताना. म्हणजे साठवणीतलं धान्य खात खात, जेव्हा ते सगळ्यात कमी उरलेलं असतं, गावातल्या अर्ध्याअधिक धडधाकट माणसांनी दोन महिने अशा कामात घालायचे ज्याचा फायदा पुढच्या रब्बीत दिसला तर दिसला. आणि काम एकदा करून संपत नाही, दर पावसाळ्यात गाळ बसणार, तो दरवर्षी काढायचा.

हे कोण करून घेणार? इथे पाच खोल्यांचं घर येतं. गावाच्या मध्यावर, बाकीच्या घरांपेक्षा मोठं, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. त्याच घराच्या अंगणात एक माणूस पुरलेला सापडला, चाळिशीच्या आसपासचा, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात, मांडी घालून बसवलेला. बाकीच्यांसारखे त्याचे पाय तोडलेले नव्हते. ढवळीकरांनी याचा अर्थ गावचा मुख्य असा लावला, आणि कोठार म्हणजे गावातून गोळा केलेलं धान्य, एक प्रकारचा सारा. मला हे पटतं. मात्र आधी मुख्य होता म्हणून पाट झाला, की पाटाचं काम करून घेता घेता कोणीतरी मुख्य झाला, हे सांगता येत नाही, आणि नदीकाठच्या संस्कृतींबद्दल सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावर झालीत, सुमेरपासून चीनपर्यंत. इनामगावापुरतं बोलायचं तर मी म्हणेन दुसरं. कारण सुरुवातीच्या माळवा काळात एवढा उठून दिसणारा फरक नाही.

गावाची मांडणीही या काळात बदललेली दिसते. घरं साधारण पाच बाय तीन मीटरची चौकोनी, ओळीने, मधे बोळ. मध्यभागी बरी परिस्थिती असलेले शेतकरी, आणि पश्चिमेच्या कडेला कारागीर, कुंभार, चुना भाजणारे, मणी करणारे, हस्तिदंतावर काम करणारे. कुंभाराचा आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी, मोठा, गोल, आणि त्यातून निघालेली जोर्वेची भांडी बघितलीत तर कळेल, पातळ, तांबडी, वर काळ्या रंगाची नक्षी, नीट भाजलेली, टिचकी मारली तर खणखणीत वाजतात. तोटीचं भांडं तर या लोकांची ओळखच. कुंभार दिवसभर हेच करतो म्हणजे त्याला कोणीतरी धान्य देतंय, म्हणजे धान्य उरतंय.

साठवण बघण्यासारखी आहे. जमिनीत पेव, आतून चुन्याने लिंपलेलं, म्हणजे ओल आणि उंदीर दोन्ही लांब. काही घरांत चार सपाट दगड मांडलेले, त्यावर चार पायांचा रांजण बसायचा, खालून हवा खेळती. काही ठिकाणी मातीचा गोल ओटा, त्यावर कणगी ठेवायची. आपल्या आज्ज्यांच्या घरात यातल्या दोन तरी गोष्टी होत्या, तेव्हा परकं काही वाटायला नको. आणि एका घरात भुईखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी, आत स्त्रीची मूर्ती, झाकणावर बिनडोक्याची दुसरी स्त्रीमूर्ती आणि बैल. पीक आणि पोरं यांची काळजी असलेल्या माणसांचं ते देवघर.

निकाल

काही शतकं पाट चालला, गहू मिळाला. पूर्व जोर्वेच्या थरांत गव्हाचे जळालेले दाणे आहेत. इ.स.पू. १४०० ते १००० हा इनामगावचा चांगला काळ.

मग बिघडलं. इ.स.पू. १००० च्या पुढच्या थरांत चौकोनी घरं संपतात आणि त्यांच्या जागी छोट्या गोल झोपड्या येतात, तीनचार मिळून एक अंगण. गहू दिसेनासा होतो. भांड्यांचा दर्जा घसरतो, आवा छोटा होतो. हाडांमध्ये हरणांचं प्रमाण वाढतं, म्हणजे शिकार वाढली, शेळ्यामेंढ्यांवरचा भार वाढला. लहान मुलांच्या सांगाड्यांच्या अभ्यासात वाढ खुंटल्याच्या, कुपोषणाच्या खुणा मिळाल्यात. हा भाग वाचताना मला नेहमी थांबायला होतं, कारण दफनांमध्ये सगळ्यात जास्त संख्या तान्ह्या आणि लहान मुलांचीच आहे.

कारण काय? ढवळीकरांचं म्हणणं हवामान कोरडं झालं, पाऊस कमी झाला. यात पाटाचं गणित जमतं. पाट भरतो तो पुराच्या उंचीवर. घाटमाथ्यावरचा पाऊस थोडा जरी घटला आणि पूर हातभर जरी खाली राहिला तरी पाणी पाटाच्या तोंडाशी चढतच नाही, नदीत पाणी आहे आणि पाट कोरडा. नंतरच्या काही संशोधकांना मात्र एवढा मोठा दुष्काळी बदल पटत नाही, त्यांच्या मते हा मुलूख आधीपासूनच निमकोरडा आणि लहरी पावसाचा, लोकांनीच जमीन ताणली. तेच शेत वर्षानुवर्षं, नवा गाळ नाही, आव्याला आणि घरांना लाकूड, माळावर जनावरं. मला दोन्ही एकत्र खरं वाटतं. जमीन थकलेली असली की साधारण कोरडं वर्षसुद्धा झेपत नाही.

खरा कोड्याचा भाग पुढे आहे. गोदावरी, प्रवरा, तापीच्या खोऱ्यातली बहुतेक जोर्वे गावं इ.स.पू. १००० च्या सुमाराला ओस पडली, दायमाबादसारखं वीसेक हेक्टरवर पसरलेलं मोठं ठाणंही त्यातच. पण भीमेच्या खोऱ्यात, इनामगावात, लोक राहिले. आणखी तीनशे वर्षं. गोल झोपड्यांमध्ये, निम्मे मेंढपाळ होऊन, पण राहिले. इ.स.पू. ७०० च्या आसपास तेही संपलं. पुढे लोखंडाचा फाळ आला, काळी जमीन नांगराखाली आली आणि शेतकरी गावं काठ सोडून आत सरकली.

निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळं करता आलं असतं

पहिला निर्णय, काठावर बसायचा. यात खोट काढता येत नाही. त्या अवजारांनी दुसरीकडे कुठे नऊशे वर्षं निघाली नसती.

दुसरा, पाट. इथे वाद घालायला जागा आहे. पाट खणणं चूक नव्हतं, पण पाटाच्या भरवशावर गाव किती वाढवायचं आणि गव्हाच्या मागे किती लागायचं हा प्रश्न होता. जव, कुळीथ, लाख ही पिकं त्यांच्याकडे शेवटपर्यंत होती म्हणून तर ती तीनशे वर्षं निघाली. मला वाटतं पाटाचं पाणी गव्हाऐवजी जवाच्या जास्त क्षेत्राला एकेक पाळी देण्यात घातलं असतं तर चांगल्या वर्षात थोडं कमी मिळालं असतं आणि वाईट वर्षात बरंच जास्त. पण गहू हा मानाचा, पाच खोल्यांच्या घरी आणि कोठारात गहू पाहिजे, हे आपल्याला काय नवीन आहे? आजही त्याच शिरूर-श्रीगोंद्याच्या कोरड्या पट्ट्यात घोडच्या धरणाच्या पाण्यावर ऊस उभा असतो, पाऊस तितकाच, पाणी अजूनही घाटमाथ्याचंच, फक्त पाट सिमेंटचा झालाय.

तिसरी जागा कोठाराची. धान्य एका घराशेजारी एकत्र ठेवलं की दोनशे मीटरचा पाट होऊ शकतो, कारण खणणाऱ्यांना खायला घालता येतं. पण सलग वाईट वर्षं आली की त्याच कोठारावर सगळ्यांची नजर, आणि वाटपाचा निर्णय एकाच्या हाती. उत्तर जोर्वेत घरोघरची पेवं आणि कणग्या कमी होतात. घरटी साठवण मोडली की घरटी तगून राहायची ताकदही मोडते. गावाने सामाईक कोठाराबरोबर घरचं पेव भरलेलं असलंच पाहिजे असं काही धरलं असतं तर? असेलही धरलेलं, धान्यच नसेल तर पेव काय भरणार.

चौथी, इ.स.पू. १००० ची, राहायचं की जायचं. प्रवराकाठचे गेले, घोडकाठचे राहिले. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गेले ते शहाणे. मला तसं ठामपणे म्हणवत नाही. गेलेल्यांचं पुढे काय झालं याचा माग लागत नाही, राहिलेल्यांचा लागतो, आणि राहिलेल्यांनी नुसतं हातावर हात ठेवून बसणं केलेलं नाही. घराचा आकार बदलला, पीक बदललं, जनावरं बदलली, वर्षातला काही काळ हिंडणं आलं असणार. एवढं सगळं बदललं पण काठ सोडला नाही. त्यामागे डोहाचं पाणी होतं, मेंढरांना उन्हाळ्यात दुसरीकडे कुठे प्यायला मिळणार, आणि भुईखालची मडकी होती. पाट गेला तरी नदी शेतीसाठी नाही तर जनावरांसाठी उपयोगी राहिली, म्हणजे त्यांनी नदीशी असलेला सौदा मोडला नाही, बदलला. हेच त्यांनी शंभर-दीडशे वर्षं आधी, पाटाला पाणी चढायचं कमी व्हायला लागलं तेव्हाच, म्हणजे गाव अजून धडधाकट असताना केलं असतं तर पोरांच्या हाडांवर ती वर्षं एवढी उमटली नसती असं वाटतं. पण दरवर्षी पाटातला गाळ काढणाऱ्या माणसाला यंदा पाणी कमी चढलं हे दिसतं, पुढच्या वर्षी चढेल असंही वाटतं, आणि एखाद्या वर्षी ते खरंच चढतं.